मांडीवरच्या पुस्तकाची भाषा

गेल्या महिन्यात इथे गोव्यात माझ्या मुलीच्या बालवाडीत पालकसभा झाली. विषय साधा होता. दीड ते तीन वर्षांच्या मुलांच्या वर्गात पुस्तकांचा एक कोपरा करायचा, वर्गणी काढून चित्रांची पुस्तकं आणायची आणि रोज थोडा वेळ ती मुलांना वाचून दाखवायची. कोणती आणावीत, एवढंच ठरवायचं होतं. पाच मिनिटांत वाद पेटला. एकांचं म्हणणं, इंग्रजीच आणा, पुढे शाळेत अडायला नको. दुसरे म्हणाले, कोंकणी ही मुलांच्या तोंडची भाषा आणि राज्याची राजभाषा, मग पुस्तकं कोंकणीच हवीत. तिसऱ्यांचा सवाल, आमच्या घरांत तीन पिढ्या मराठी वाचली जाते, मराठीने काय घोडं मारलं? कुणी १९८७ च्या राजभाषा कायद्यावर गेलं, कुणी २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याच्या निर्णयावर. एक गृहस्थ थेट, गोवा वेगळा राहावा की महाराष्ट्रात जावा, या १९६७ च्या जनमत कौलापाशी पोचले. टेबलावर नमुन्यादाखल आणलेली आठ-दहा पुस्तकं पडून होती. दोन तासांत त्यातलं एकही कुणी उघडलं नाही. उघडलं ते आईबरोबर आलेल्या एका चिमुरडीने. तिने एक पुस्तक खाली ओढलं, उलटंच धरलं आणि सभा संपेपर्यंत खुर्चीखाली बसून त्यातल्या हत्तीशी बोलत राहिली.

तिन्ही बाजूंची कळकळ खरी होती, तरी वाद चुकीच्या जागी चालला होता असं मला वाटतं. तीन वर्षांखालचं मूल वाचत नाही. ते बघतं आणि ऐकतं. पानावरची अक्षरं त्याच्यासाठी नसतातच, ती मांडी घालून बसलेल्या मोठ्या माणसासाठी असतात. म्हणून पुस्तक निवडताना पहिला प्रश्न हा, की ते कुणाच्या तोंडून वाचलं जाणार आणि त्या तोंडात कोणती भाषा अडखळल्याशिवाय येते. दुसरा प्रश्न, त्यातल्या चित्रांवर आपल्याला मुलाशी बोलता येईल का. तिसरा, हेच पुस्तक पन्नासाव्यांदा हातात दिलं तर आपण ते मनापासून वाचू का. मुखपृष्ठावर कोणती भाषा छापली आहे हा प्रश्न त्यानंतरचा. तो क्षुल्लक नाही, त्याच्याकडे मी येणारच आहे, पण रांगेत त्याचा नंबर पहिला नाही.

माझं माहेर कुडाळचं, सासर फोंड्याचं. मी मुलांशी मराठी बोलते. नवरा आणि सासूबाई कोंकणी बोलतात. धाकटा आता बावीस महिन्यांचा आहे. त्याच्या एका पुस्तकात कोंबडी आणि तिची पाच पिलं आहेत. मी वाचते तेव्हा ती कोंबडी असते. सासूबाई तेच पान उघडतात, मजकुराकडे बघतही नाहीत आणि म्हणतात, “पळय पळय, कोंबी! पिलां खंय गेलीं?” म्हणजे बघ बघ, कोंबडी, पिलं कुठे गेली? तो पिलं शोधतो, एकेकावर बोट ठेवतो. पाचवं पिलू कुंपणाआड आहे, त्याचं फक्त शेपूट दिसतं. तिथे तो दर वेळी श्वास रोखतो. गंमत अशी, की मी एकदा सहज ‘कोंबी’ म्हटलं तर त्याने मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. तो शब्द आजीचा आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कोणता शब्द कुणाचा, हे बावीस महिन्यांच्या पोराला कळतं. भाषांची सरमिसळ झाली तर मूल गोंधळेल ही सभेतली काळजी मला तरी घरात कुठे दिसली नाही.

आणि सासूबाई जे करतात ते गोव्यात कुणालाच नवं नाही. श्रावणात त्या पोथी लावतात. पोथी मराठी, ओव्या मराठी, पण शेजारच्या बायका येऊन बसल्या की अर्थ सांगतात तो कोंकणीतून. पानावर एक भाषा आणि ओठांवर दुसरी, असं आमच्याकडे शतकानुशतकं चालत आलं आहे, आणि ऐकणाऱ्याचं त्यात काही कमी झालेलं नाही. फादर स्टीफन्सनी हे चारशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. जन्माने इंग्रज असलेला हा माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला आणि तिथल्याच साष्टी तालुक्यात राहिला. लोकांनी जमून ऐकायचं ते ख्रिस्तपुराण त्याने मराठी ओव्यांत रचलं. १६१६ मध्ये ते छापलं गेलं. प्रश्नोत्तरांतून शिकवायची धर्मतत्त्वं मात्र त्याने कोंकणीत लिहिली, आणि ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये निघालं. एकाच माणसाने एकाच लोकांसाठी दोन भाषा वापरल्या. गाऊन ऐकवायचं एकीत, समोरासमोर बोलायचं दुसरीत. कुठे काय चालतं हे त्याने ऐकणाऱ्यांच्या कानावरून ठरवलं. आपण मात्र दोन वर्षांच्या मुलापुढे पुस्तक ठेवताना कायद्याचं कलम शोधतो आहोत.

माझ्या माहेराजवळच पिंगुळी आहे. गोव्याची हद्द ओलांडून थोडं पुढे गेलं की लागते. तिथल्या ठाकर समाजातले चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या चित्रांवरून गोष्ट सांगत आले. सुट्या चित्रांचा एक गठ्ठा असतो, त्याला ते पोथीच म्हणतात. रामायण-महाभारतातला प्रसंग उलगडत एकेक चित्र पुढे धरायचं आणि वीणा, टाळ, हुडुकाच्या साथीने सांगत जायचं. त्या पोथीत प्रेक्षकाने वाचावं असं काही नसतं. गोष्ट सांगणाऱ्याच्या गळ्यात असते. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुक केलं, पण चित्रांचं पुस्तक म्हणजे इंग्रजांकडून आलेली चीज असं मात्र अजून म्हणतो. दोन वर्षांचं मूल मांडीवर घेऊन चित्र दाखवत बोलणारी कुठलीही आजी चित्रकथ्याचंच काम करत असते. मग तिने कोणत्या भाषेत छापलेलं पुस्तक हातात धरलं आहे याला किती वजन द्यायचं?

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं. सभेत ते नीट मांडलं गेलं नाही, म्हणून मीच मांडते. तुम्ही म्हणता तोंडची भाषा महत्त्वाची, पुस्तक कुठलंही चालेल. ठीक. मग व्यवहारात काय होईल? इंग्रजी पुस्तकं चकचकीत, दणकट, दुकानात समोर मांडलेली. सगळे तीच घेतील आणि तोंडाने मराठी किंवा कोंकणी सांगतील. मुलाच्या मनात पक्कं बसेल, की पुस्तक म्हणजे इंग्रजी आणि आपली भाषा म्हणजे नुसतं बोलणं. चौथ्या-पाचव्या वर्षी त्याला अक्षरं दिसायला लागतील ती इंग्रजीच दिसतील. इकडे मराठी-कोंकणी पुस्तकांना गिऱ्हाईक नाही म्हणून ती निघणारच नाहीत. गोव्याला हे नव्याने सांगायला नको. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढलं, तीन वर्षांत इथल्या लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. भाषा मेली नाही. मांडीवर, जात्यावर, फुगडीत ती जगली. पण छापखान्यात, शाळेत, कचेरीत तिला जागा मिळाली नाही त्याची किंमत कोंकणी आजही मोजते. लिपीचाच वाद अजून पुरता मिटलेला नाही. नुसत्या तोंडावर भाषा जिवंत राहते, पण ती मोठी होत नाही.

हे म्हणणं मला मान्य आहे. पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मी वयाची अट घातली आहे. तीन वर्षांखाली मुलाला अक्षर म्हणजे चित्राशेजारची काळी नक्षी. तिसऱ्या वर्षाच्या आसपास ते कुठल्यातरी अक्षरावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारतं. त्या दिवशी मांडीवरच्या पुस्तकात आपल्या घरची अक्षरं असली पाहिजेत. त्यासाठी मराठी आणि कोंकणी पुस्तकं विकत घ्या, ग्रंथालयांकडे मागा, प्रकाशकांना पत्रं लिहा, मी तुमच्याबरोबर आहे. पण त्या फर्मानाची आठवण मला आणखी एक गोष्ट सांगते. राज्यकर्त्याचा हुकूम मांडीपर्यंत पोचला नाही, म्हणून भाषा वाचली. मग आज आपण, भाषेवर प्रेम करणारी माणसं, त्या मांडीवर आपला हुकूम का चालवावा? कोंकणी बोलणाऱ्या आजीने नातवाला मराठीच वाचून दाखवावं किंवा मराठी बोलणाऱ्या आईने कोंकणीच, असा आग्रह धरला की त्या दोघी पुस्तक खाली ठेवतील आणि मोबाइल हातात देतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवणं नको. तोंड बांधलेल्या आजीपुढे दुसरा कोणता मार्ग ठेवतो आपण?

इंग्रजीचं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट मी आधीच देऊन टाकते. गोव्यात खरोखर इंग्रजीत बोलणारी घरं आहेत. आई-बाप दोघेही रागावतात इंग्रजीत, लाड करतात इंग्रजीत. त्यांच्या मांडीवर इंग्रजी पुस्तकच शोभतं, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण सभेत इंग्रजीसाठी हात वर करणारे बहुतेकजण घरी कोंकणी किंवा मराठी बोलणारे होते. त्यांना वाटतं, आपण चाचरत का होईना इंग्रजी वाचलं तर मुलाच्या कानावर इंग्रजी पडेल. १९८८ मध्ये अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकवीस ते पस्तीस महिन्यांच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. वाचणारे सगळेच आई-बाप. निम्म्यांनी नेहमीसारखं वाचायचं. उरलेल्यांना शिकवलं, की मध्ये थांबा, ‘हे काय करतंय?’ असं विचारा, मूल जे बोलेल त्यात एक-दोन शब्द घालून ते त्याला परत द्या. महिनाभरात दुसऱ्या गटातली मुलं बोलण्यात पुढे गेली. फरक पाडला तो वाचताना मध्ये घडणाऱ्या बोलण्याने. मूल ‘भू भू’ म्हणालं की आपण म्हणायचं, “हो, भू भू पळतोय, मांजराच्या मागे लागलाय, आणि मांजर बघ कुठे चढलं!” हे दुसरं वाक्य ज्या भाषेत आपोआप सुटतं ती आपली वाचायची भाषा. ज्या भाषेत आपण फक्त छापलेलं वाक्य म्हणू शकतो आणि पुढे गप्प होतो, तिच्यात मुलाला मिळतं ते अर्धंच.

मग छापलेल्या मजकुराला काही किंमतच नाही का? आहे, आणि बरीच आहे. मुलांच्या चित्रपुस्तकांतल्या शब्दांची आई-बापांच्या रोजच्या बोलण्याशी तुलना करणारा एक अभ्यास २०१५ मध्ये झाला. पुस्तकांत शब्दांची विविधता जास्त निघाली. ते पटण्यासारखं आहे. घरात आपण दिवसभर ‘ये, बस, खा, नको, पडशील’ एवढ्यावर भागवतो. ‘सुगरणीचा खोपा झुलतोय’ असं वाक्य चहा गाळताना कुणाच्या तोंडी येत नाही, ते पुस्तकच आणतं. म्हणून तोंडची भाषा ठरली, की त्या भाषेत मजकूर कसा आहे हे बघावंच लागतं. इथे मला मराठीच्या बाजूने बोलणाऱ्यांशीही भांडायचं आहे. मराठीत छापलं म्हणजे मराठी झालं असं नाही. बाजारातली कितीतरी पुस्तकं इंग्रजीवरून घाईने उतरवलेली असतात. ‘तो एक मोठा, लाल आणि गोल असा चेंडू होता.’ हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. कुणाही आजीची जीभ त्यावर अडखळेल. ‘चेंडू निघाला टुण टुण टुण’ म्हणा, आणि मूल उड्या मारायला लागेल.

मराठीकडे या वयासाठी जी दौलत आहे ती तिच्या आवाजी शब्दांत आहे. धबाक, भुर्र, लुटुलुटु, सळसळ, खुदकन, चटकन, गुडगुड, रिमझिम, टकामका. हे शब्द अर्थ समजायच्या आधी अंगात शिरतात. कोंकणीतही असे शब्द भरपूर आहेत. आपल्या लोककथा यांच्यावरच उभ्या आहेत. म्हातारी भोपळ्यात बसून जंगलातून निघते ती ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ म्हणत. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, आणि दाराबाहेर भिजलेला काऊ पुन्हा पुन्हा तेच विनवतो, चिऊ पुन्हा पुन्हा ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’ म्हणते. तीच ओळ परत येणार हे मुलाला कळलेलं असतं आणि ती येते तेव्हा जग आपल्या हातात असल्याचा आनंद त्याला होतो. पुस्तक निवडताना मी एकच करते. दुकानात उभी राहून ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचते. लोक बघतात, बघू देत. जीभ दोनदा अडखळली तर पुस्तक परत फळीवर.

भाषेच्या खालोखाल सभेत हट्ट होता तो बोधाचा. पुस्तकातून काहीतरी शिकायला मिळालं पाहिजे, वाटून खावं, खोटं बोलू नये, दात घासावेत. ही सवय आपल्याला जुनी आहे. मराठीत मुलांसाठी छापील पुस्तकं निघू लागली ती इसापच्या गोष्टींनी. १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ आली. नावातच नीती होती. तेव्हापासून गोष्ट संपली की तात्पर्य, हे आपल्या डोक्यात असं बसलं आहे, की तात्पर्य नसलेली गोष्ट मुलाला देताना आपल्याला अपराधी वाटतं. इसापच्या गोष्टींशी माझं भांडण नाही, सात वर्षांच्या मुलीला मीच त्या सांगेन. पण दोन वर्षांच्या मुलाला ‘म्हणून आपण लोभ करू नये’ या वाक्यातला ‘म्हणून’ कळत नाही. कारण आणि परिणाम त्याच्यासाठी एका पानाच्या अंतरावर असतात. या पानावर फुगा, पुढच्या पानावर फट्! एवढाच कार्यकारणभाव त्याला पेलतो आणि तो त्याला पुन्हा पुन्हा हवा असतो. पान उलटणं हाच त्या वयातला तर्कशास्त्राचा पहिला धडा आहे. त्यावर दात घासायची शिकवण लादली की तोही जातो आणि दात घासणंही होत नाही.

वास्तवाचा आग्रह धरणारे त्याहून विचारी असतात. बोलणारा ससा, चष्मा घातलेलं अस्वल, हे कशाला? मुलाला खरं जग दाखवा. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींनी स्वतः लहान मुलांना परीकथा देण्याला विरोध केला होता, मुलाचे पाय आधी वास्तवात रोवले जाऊ देत म्हणून. आणि प्राण्यांची माहिती द्यायची असेल तर कपडे घातलेल्या बोलक्या प्राण्यांपेक्षा खऱ्यासारखी चित्रं बरी पडतात, असं अलीकडच्या प्रयोगांतही दिसलं आहे. हे खोडून काढायचं काही कारण नाही. तरी गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. १९२० मध्ये भावनगरला त्यांनी बालमंदिर काढलं ते माँटेसोरींच्याच वाटेने, पण गोष्टीला त्यांनी दाराबाहेर ठेवलं नाही. उलट गोष्ट कशी सांगावी याचं शास्त्रच गुजरातीत लिहून काढलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी ती परंपरा मराठीत आणली, पुढे बोर्डीला आणि कोसबाडला आदिवासी मुलांपर्यंत नेली. माँटेसोरींची पद्धत या दोघांनी आदराने घेतली आणि आपल्या मुलांना गोष्ट लागते हे डोळ्यांनी दिसल्यावर तेवढा नियम बाजूला ठेवला. प्राणिशास्त्र शिकवायचं तेव्हा खरी कोंबडी अंगणात आहेच. पुस्तकातल्या कोंबडीचं काम वेगळं आहे. तिची पिलं हरवतात, आणि सापडतात.

नुसत्या नावांची पुस्तकं, म्हणजे पानभर फळं, पानभर वाहनं, यांचं थोडक्यात सांगते. सव्वा-दीड वर्षाच्या मुलाला ती आवडतात आणि एखादं घरात असावं. पण आपण त्यांची परीक्षा करून टाकतो. पाहुणे आले की पुस्तक उघडून “हे काय? सांग काकांना, हे काय?” मूल चुकतं, आपला चेहरा पडतो, ते त्याला दिसतं. बटण दाबलं की आवाज काढणारी पुस्तकं मला त्याहून नकोशी वाटतात. त्यांत मूल बटणाकडे बघतं, गोष्टीकडे नाही, आणि आवाज काढायचं सुख वाचणाऱ्याकडून हिरावलं जातं. पुस्तकं थोडी असली तरी बिघडत नाही हेही पालकांना सांगायला हवं. २०११ मध्ये जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी, नवे शब्द मात्र दोघांना तेवढ्याच वेळा ऐकवले. शब्द लक्षात राहिले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. मूल तेच पुस्तक पुन्हा आणतं तेव्हा त्याचं काम चालू असतं. म्हणून तर पन्नासाव्यांदा वाचताना आपल्याला कंटाळा येणार नाही असं पुस्तक निवडायचं.

आपल्या मातीतलंच हवं, हा मुद्दा मला भावनेने फार जवळचा आहे. चित्रात पहाटे सायकलीवरून भोंगा वाजवत येणारा पदेर म्हणजे पाववाला दिसला, मासळीची टोपली घेऊन बसलेली नुस्तेंकान्न म्हणजे कोळीण दिसली, तर धाकटा उठून दाराकडे धावेल. अशी पुस्तकं फार कमी आहेत आणि गोव्यातल्या चित्रकारांनी ती करायला हवीत. पण म्हणून बर्फ नको, ध्रुवावरचं अस्वल नको असं कुणी म्हणालं तर मी विचारेन, सिंह तरी आपण अंगणात कुठे पाहिला होता? एक-दीड वर्षाला बोट ठेवता येईल असं ओळखीचं जग आधी हवं, हे खरं. त्यानंतर अनोळखी जगानेच तर डोळे मोठे होतात.

पैशांची अडचण खरी आहे. बाहेरून आलेल्या एका जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाच्या पैशांत नॅशनल बुक ट्रस्टची किंवा प्रथम बुक्सची तीन-चार येतात. २०१५ पासून प्रथम बुक्सच्याच स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर शेकडो चित्रकथा फुकट मिळतात, मराठीही आणि कोंकणीही, छापून घेऊन शिवल्या की पुस्तक तयार. पणजीला पाटोवर राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा विभाग आहे. हे ग्रंथालय १८३२ पासूनचं, आणि आपल्यातले कितीजण मुलांना घेऊन तिथे गेले आहेत? पुठ्ठ्याची पुस्तकं दीड वर्षापर्यंत बरी, कारण ती चावली जातात. पण आमच्या पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो, पानं एकमेकांना चिकटतात, जुन्या पुस्तकांना कसर लागते. आमच्या कोंबडीच्या पुस्तकाचा एक कोपरा पुरता चघळला गेला आहे आणि दसऱ्याच्या उन्हात वाळवल्यावर ते वाकडं झालं ते झालंच.

बालवाडीच्या कोपऱ्याचा प्रश्न मात्र घराहून वेगळा आहे, आणि तो सभेत कुणी विचारात घेतलाच नाही. त्या वर्गात अठरा मुलं आहेत. काहींच्या घरी कोंकणी, काहींच्या मराठी, तिघांच्या घरी कन्नड, दोघांच्या हिंदी, एकाच्या इंग्रजी. बाई एक. कोणतीही एक भाषा निवडली तरी निम्मा वर्ग बाहेर राहतो. १६५८ मध्ये कोमेनियस या युरोपातल्या शिक्षणतज्ज्ञाने मुलांसाठी सचित्र पुस्तक काढलं तेव्हा वर चित्र आणि खाली लॅटिन व जर्मन शेजारी शेजारी छापलं होतं, आणि सुरुवातीलाच कावळा, कोकरू यांचे आवाज दिले होते. मुलांच्या चित्रपुस्तकांच्या इतिहासात ते पहिल्या मानाचं धरतात, आणि तेच दोन भाषांचं होतं. माझी सूचना अशी, की निम्मी पुस्तकं बिनशब्दांची आणावीत, ज्यांत गोष्ट फक्त चित्रांत असते. उरलेल्यांत मराठी, कोंकणी, इंग्रजी तिन्ही असू देत, दोन भाषा शेजारी छापलेली मिळाली तर उत्तमच. आणि आठवड्यातून एक दिवस घरची माणसं बोलवावीत. कन्नड बोलणारी आई येऊन तेच हत्तीचं पान कन्नडमध्ये सांगेल. तिचा मुलगा वर्गात एरवी तोंड उघडत नाही असं बाईच म्हणाल्या.

पुढची सभा येत्या शनिवारी आहे. मी चार पुस्तकं घेऊन जाणार आहे आणि वाद सुरू व्हायच्या आधी त्यातलं एक सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार आहे. सासूबाईंनाही बरोबर चला म्हटलं. त्या आधी नको म्हणाल्या. मग काल संध्याकाळी चष्मा पुसून कोंबडीचं वाकडं पुस्तक मांडीवर घेतलं आणि धाकट्याला हाक न मारताच, एकट्याच, पहिल्या पानापासून पुटपुटत बसल्या.